अब्बांचं कानाचं यंत्र

रहिमाबींचं कानाचं यंत्र हरवलं, तेव्हा त्यांच्या मुलीने, इरमने, मोबाइलमध्ये ब्लूटूथच्या वस्तू शोधणारं ॲप विकत घेतलं. कुवेतहून भाऊ अली फोनवर म्हणाला, "पैसे कशाला भरतेस? फुकटातलं पुरे की."

"फुकटातलं नुसतं नाव दाखवतं, भाईजान. वस्तू किती लांब आहे ते पैसे भरल्यावरच कळतं."

यंत्र उशीच्या खोळीत सापडलं. अम्मीने ते कानात घातलं आणि ती तांदूळ निवडायला बसली.

इरम ॲप बंद करणार, तोच पडद्यावर दुसरं नाव उमटलं. अब्बा.

पावस गावाजवळच्या समुद्रात अब्बांची होडी उलटली, तेव्हा अब्बांचं यंत्र त्यांच्या कानातच होतं. अब्बा मिळालेच नव्हते.

नावाशेजारचं अंतर कमी होत होतं.

खाली बटण होतं. यंत्राला जे ऐकू येतं, ते त्यावरून ऐकता यायचं. इरमने ते दाबून फोन कानाला लावला. आधी नुसती समुद्राची गाज आली. मग वाळूतली पावलं. मग अंगणातल्या चिऱ्यांवरची ओली पावलं, आणि ती थांबली.

तिने खिडकीतून पाहिलं. भर दुपारी अंगण काळवंडलं होतं. तिथे कुणीच नव्हतं.

"अम्मी," ती कसंबसं म्हणाली.

अम्मीने सूप कधीच बाजूला ठेवलं होतं. तिचा चेहरा उजळला होता.

"आले हो, आले," म्हणत ती लगबगीने दाराकडे निघाली.

फोनमधूनही अम्मीचाच आवाज आला; बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू यावा, तसा.