ढिगाची ऊब

किटलीतलं पाणी खदखदायला लागलं आणि आतल्या खोलीतून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. सुनेने घाईघाईने मागचं दार उघडलं आणि परसातल्या लाकडी पेटीवरचं पोतं बाजूला केलं. आतला खताचा ढीग रात्रीच्या थंडीने दगड झाला होता. काठीने मधोमध भोक पाडून तिने सगळी किटली त्यात रिकामी केली, वर कोरडा पाला पसरला, पोतं ओढलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने येऊन चहाचं आधण ठेवलं.

सासरे आले. कानटोपी, बायकोने विणलेला स्वेटर. सरळ मागच्या दाराकडे गेले. पोतं उचलताच वाफ वर आली. त्यांनी बाही सारून उजवा हात मनगटापर्यंत आत खुपसला आणि डोळे मिटून उभे राहिले, देवापुढे उभं राहावं तसे.

"गरम आहे ना, बाबा?"

"आहे तर! जिवंत आहे तिचं लेकरू."

"मग चला, लेकराचं झालं, आता लेकराच्या बापाने खाऊन घ्यावं."

म्हातारा हसला आणि पाटावर बसला. सुनेचा जीव भांड्यात पडला.

लेकरू सासूबाईंचं. भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळका पाला, सगळं त्या या पेटीला भरवायच्या. "शेंडेफळ आहे माझं. शिळंपाकं चालतं, पण उपास चालत नाही," म्हणायच्या. थंडी सुरू झाली आणि त्या गेल्या. आदल्या दिवशी सोललेल्या बटाट्यांची सालं त्यांच्याच हातची.

मग म्हाताऱ्याने अन्न सोडलं. मुलगा परगावच्या नोकरीवरून येऊन विनवण्या करून परत गेला. सूनही त्यांच्याआधी घास घेईना. एका सकाळी ते उठून पेटीपाशी गेले, आत हात घातला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "ऊब आहे गं आत," म्हणाले, आणि दोन घास खाल्ले. जेवताना साध्या आवाजात बोलून गेले, "ही ऊब आहे तोवर मी आहे. ती गेली की माझंही आटोपलं."

माणसाचा जीव कशात अडकेल, देव जाणे. पण एवढासा ढीग असल्या गारठ्यात किती तग धरणार? एका पहाटे सुनेने हात घालून पाहिला तर आत नुसता बर्फ. ती तशीच आत गेली आणि तिने शेगडीवर किटली चढवली. देवा, हे खोटं माझ्या पदरात घाल, पण म्हाताऱ्याला जेवू दे.

तेव्हापासून हे रोजचंच झालं.

हल्ली मात्र सासऱ्यांच्या उजव्या हाताची कातडी सोलवटत चालली होती. सून रोज मलम लावून पट्टी बांधायची. ते हूं की चूं करायचे नाहीत.

"दुखत नाही?"

"भट्टीवाल्याची कातडी आहे बाई. जन्मभर पाव काढलेत."

ते खरंच होतं. बिनसाखरेच्या चहाचा कढत पेला ते उघड्या हाताने उचलायचे, तिला फडक्याशिवाय धरवायचा नाही.

शेवटी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. "साबण बदललात? खतात काही औषधबिवषध टाकता? कुठे भाजलं होतं का?"

"भट्टीपुढे जन्म गेला, डॉक्टर. भाजायचं ते तेव्हाच भाजून झालं."

सगळे हसले. मग डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेतलं. "थंडीनेच असेल. पण चिघळत चाललंय. गारठ्यापासून जपा. असंच राहिलं तर बोटं काढावी लागतील."

घरी येताच ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून काठीने बघा. हात नका घालू."

"काठीला काय कळतं?"

ती हरली. तिने शेजारणीकडून मोठी किटली मागून आणली. निदान तेवढाच शेक लागेल बिचाऱ्या हाताला.

दोन दिवसांनी तिलाच ताप भरला. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. धडपडत उठून तिने पाणी ठेवलं. ते वाफाळायला लागलं तोच तिला मागचं दार सताड उघडं दिसलं. किटली तशीच उचलून ती धावली.

पाल्यावर पांढरं दहिवर गोठलं होतं. वाफेचा मागमूस नव्हता. पट्टी सोडून सासरे वाकून उभे होते, हात कालच्या भोकात मनगटापर्यंत आत.

आटोपलं, तिला वाटलं.

"गरम आहे गं," ते म्हणाले. "आज तर जास्तच."

तिने मोकळा हात त्यांच्या हाताशेजारी घातला. बोटांना कळ लागली.

"बाबा, हा तर बर्फ झालाय."

"असेल. मला कुठे कळतंय? साखरेच्या आजाराने हाताची जाण कधीच नेली. तुझी सासू गेली तेव्हा तिचा हात याच हातात होता. तो केव्हा गार पडला, तेही मला कळलं नाही."

"मग रोज गरम आहे म्हणायचात ते?"

"वाफ दिसायची. आणि तू अशी तोंडाकडे बघत उभी असायचीस. मी जेवलो नाही तर तूही उपाशी. म्हणून म्हणायचो. आज तर तुला तापही आहे."

त्यांनी हात बाहेर काढून तिच्यापुढे धरला. तळव्याची कातडी लोंबत होती.

"ही मेली थंडी बोटं घेऊनच जाणार बघ," ते म्हणाले.

सून त्यांच्याकडे बघत नव्हती. ती हातातल्या वाफाळत्या किटलीकडे बघत होती.