चेहरा फिरवणारी विंडोज

चपला दाराबाहेर काढून कोंडूने स्टुडिओत पाऊल टाकलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "आली का रे?"

"आली, बाबा. परवाच टाकली," स्वरूप म्हणाला, पण वर बघितलं नाही.

कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं होतं, शेजारी नारळाची अर्धी वाटी होती. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोरच्या त्या एवढ्याशा खोलीत व्हिस्टा नावाची नवी विंडोज येऊन बसली होती. ती यायच्या आधी वर्षभर तालुक्यात तिची जेवढी चर्चा झाली, तेवढी निवडणुकीचीही झाली नसेल. कुणी म्हणे, तिला बटणं लागणार नाहीत, नुसतं तोंडाने सांगायचं. कुणी म्हणे, लाइट गेली तरी ती तासभर दम धरते. म्हसा गावच्या बाजारात तर एकाने छातीठोक सांगितलं, की ती बैलाचे दात बघून वय सांगते. त्या धास्तीने दोन दलालांनी आपले बैल त्याच दिवशी पडत्या भावात फुंकून टाकले.

कोंडूला बैलाचं वय नको होतं. दिवाळीच्या सुमारास स्वरूप त्याला म्हणाला होता, "थांबा बाबा, नव्या विंडोजमध्ये चेहरा फिरवता येणार आहे." तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो या दारात चपला काढत होता.

स्वरूपचा धंदाच मुळी मेलेल्या माणसांना नीटनेटकं करायचा. घरात मयताचा सुटा फोटो नसला, की लग्नातल्या घोळक्यातून त्याचं मुंडकं अलगद कापायचं, मिटलेले डोळे उघडायचे, खाली कोट चिकटवायचा. उभा जन्म चिखलात गेलेला भिमा मेल्यावर टाय लावून भिंतीवर बसला होता, आणि त्याची बायको पाहुण्यांना सांगायची, "हे ठाण्याला होते तवाचा."

कोंडूने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. त्याच्या बायकोचा, रखमीचा, हा एकच फोटो. म्हशाच्या जत्रेतला. मागे पडद्यावर रंगवलेलं विमान, पुढे दोघी बहिणी. धाकटी हिराबाई कॅमेऱ्यावर डोळे वटारून उभी, आणि रखमीने मान पार पलीकडे वळवलेली. दिसत होता तो कान, कानातली बुगडी, गालाची कड आणि अंबाडा.

"फिरव," कोंडू म्हणाला आणि स्टूल पुढे ओढून बसला.

स्वरूपने फोटो मशीनमध्ये घेतला. पडद्यावर कान मोठा झाला, बुगडी मोठी झाली.

बाकावर अनिल बसला होता. मुलगी बघायला जायचं म्हणून फोटो काढायला आलेला. तो हसला. "बाबा, पाठीमागून तोंड काढायचं तर विंडोज नाय, देव लागतो."

"तू गप रे. तुजं तोंड समोरून काढलंय, तीन ठिकानी धाडलंय. काय उपेग झाला?"

स्वरूपने माऊस इकडे नेला, तिकडे नेला, आणि मग हात काढून मांडीवर ठेवला.

"बाबा, नाय होत."

"नीट बग. आतमदी असंल कुटंतरी."

"कॅमेऱ्यात जेवढं शिरलं तेवढंच आत असतं. त्या दिवशी तुमचं तोंड बघवेना, म्हणून बोलून गेलो मी. चुकलं माझं."

कोंडू रागावला नाही. पडद्यावरच्या त्या कानाकडे बघत राहिला.

"आवाज येतो रे तिचा," तो म्हणाला. "कशावरून भांडली ते पन ध्यानात हाय. तोंड मातुर पुसत चाललंय. परवा नात इचारते, आजीला तीळ व्हता का? मला सांगता नाय आलं."

स्वरूपने माऊस पुन्हा हातात घेतला. "एक करता येईल. हिरामावशीचं तोंड काढतो आणि इथे बसवतो. बहिणीच त्या, नाक एकच. कुणाला कळणार नाय."

"मला कळंल ना. आनि हिरा जिती हाय अजून. रोज दारात येऊन शिव्या देते. आता भिंतीवरनं पन देऊ दे का?"

अनिलला हसू आवरेना. स्वरूप हसला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पण या मान वळवून बघतायत तरी कुठे? फोटोवाल्याने हाक मारली असेल की."

"मारली व्हती. दोनदा." कोंडूने फोटो हातात घेतला आणि बोटाने रखमीच्या मानेपासून फोटोच्या कडेपर्यंत रेघ ओढली. "मी बैल बगाया गेलो व्हतो. आलोच म्हनलं, आनि बसलो दुसऱ्यांचे सौदे ऐकत. ती म्हनत व्हती, यांना येऊ दे, मंग काडा. फोटोवाला काय थांबतोय?"



"पुढची विंडोज येईल ना, बाबा," स्वरूपच्या तोंडून सवयीने निघालं, "तिच्यात कदाचित..."

"कदी येल ती?"

"तीनेक वर्षं तरी."

कोंडूने फोटो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, पिशवीत सरळ उभा ठेवला आणि दाराबाहेर जाऊन चपलांत पाय घातले.

"मंग ऱ्हाऊ दे तिला तशीच," तो म्हणाला. "फोटोत मी अजून यायचा हाय."