चार हिरवे

भाईंदरला राहायला आल्यावर ह्यांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. वरून रंगीत गोळे पडतात. एका रंगाचे चार जुळले की नाहीसे होतात. अर्धा पडदा ह्यांचा, उजवा अर्धा शेजारच्या रुचिताचा. रोज संध्याकाळी दोघं हसत खेळतात आणि मी चहा देते.

"तुला नाही जमायचं गं," हे म्हणतात.

म्हणून आज दुपारी हे ऑफिसात असताना मी एकटीच शिकायला बसले. रुचिताचं हँडल वायर गुंडाळून शोकेसमध्ये ठेवलेलं होतं. तरी उजवीकडचे गोळे कुणीतरी सरकवत होतं.

घाबरण्याआधी मला रागच आला. मी चार हिरवे जुळवले.

बेल वाजली. दारात रुचिता, दोन्ही मनगटं मोकळी.

"सुरुचीताई, माझ्या चारही हिरव्या बांगड्या गेल्या हो. वाढल्या म्हणावं, तर काचेचा तुकडासुद्धा नाही कुठे."

"सापडतील," म्हणत मी दार लावलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

परत आले तर उजवीकडे तीन हिरवे शेजारी शेजारी बसले होते. चौथा सावकाश खाली येत होता.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. माझ्याही हातात चारच होत्या.