हलू नका ना

हृदयाचे ठोके टिपणारा स्वतः बनवलेला नवा पट्टा लेकाने पहिल्यांदा बाबांच्याच छातीला बांधला. पडद्यावरची लाट मध्येच अडखळायची.

"बाबा, जरा हलू नका ना!"

"अरे, पुतळ्यासारखा बसलोय की!"

यांना कुठलं स्वस्थ बसवतंय, असं म्हणत त्याने ते वेडेवाकडे ठोके गाळून टाकले आणि गुळगुळीत आलेख दाखवला.

"बघ, ठणठणीत आहे मी! तुझी आई उगाच डॉक्टर डॉक्टर करते," बाबा खूश झाले.

हृदयविकाराच्या झटक्याने बाबा गेल्यावर त्याने ती मूळ नोंद पुन्हा उघडली. माणूस हलला तर कळावं म्हणून पट्ट्याच्या नोंदीत हालचालीची वेगळी रेघ त्यानेच ठेवली होती. तेव्हा ती बघायचीच राहून गेली होती.

ती शेवटपर्यंत सरळ होती. बाबा तसूभरही हलले नव्हते.