चार फुटांची तुळई

शिवणकामाचं दुकान मधोमध विभागायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रीने दोघी बहिणींना एकच विचारलं, "भिंतीवर छपराचा भार येणार आहे, की नुसता आडोसा हवाय?"

"हिचं तोंड दिसायला नको, एवढंच भिंतीचं काम," थोरली फणकारली. "दार नको, खिडकी नको, झरोकासुद्धा नको."

"सुई जाईल एवढी फटही नको," धाकटीने री ओढली. महिन्याभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

भिंत पुरुषभर उंचीच्या वर गेली, तशी मिस्त्रीने मधोमध चार फुटांची काँक्रीटची तुळई आडवी ठेवली आणि वर पुन्हा विटांचे थर चढवले. थोरलीच्या नजरेतून ते थोडंच सुटणार?

"हे काय मध्येच?"

"भिंतीला पोट सुटू नये म्हणून."

"मग एवढीशीच?"

"पोट मधेच सुटतं ना, ताई," म्हणत त्याने घाईघाईने वरून गिलावा थापला.

दोन वर्षांनी धाकटीचा फोन आला. "मिस्त्री, त्या भिंतीत दार पाडायचंय हो. पण ताई घाबरतेय. म्हणते, वरच्या विटा डोक्यात पडतील."

"पडतीलच! विचार त्यांना!" मागून थोरली ओरडली.

दोघींचा आवाज एकाच फोनवर ऐकून मिस्त्री गालातल्या गालात हसला.

"ताईंना म्हणावं, खुशाल हातोडा घाला. दारावरची तुळई मी तेव्हाच घालून ठेवलीय. तिच्याखालच्या विटा काढायच्या तेवढ्या राहिल्यात."