पिवळा मोजा

दीपमाला पुन्हा खुर्चीतून उठली. झोळीची कड बोटानं बाजूला करून तिनं पाहिलं. लेक झोपलेली होती. ताप कालच उतरला होता, पण आवाज पार बसला होता. जागी होऊन रडली तरी ऐकू येणार नाही, याचीच तिला धास्ती.

ती लॅपटॉपपाशी परतली. समोर तपासायला आलेला, रेल्वेतल्या कुणा गँगमनचा पेटंटचा अर्ज होता. रूळ धरून ठेवणारी लोखंडी क्लिप गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू सरकते. या गँगमननं क्लिपला पिवळ्या पट्टीची जीभ लावली होती. क्लिप जागेवर असली की जीभ झाकलेली, सरकली की बाहेर. बस्स, एवढंच. ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर सांगून टाकलं होतं, की हे कुणालाही सुचेल, दावा उडवा, पाचपर्यंत पाठवा. कायदा मात्र विचारत होता, त्या कामातल्या जाणत्या माणसाला हे सहज सुचलं असतं का?

जाणता माणूस ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. तिचे सासरे, महांतप्पा. एकतीस वर्षं रेल्वेत चावीवाले. येडशीच्या बाजूला रोज हातोडा घेऊन रूळ तपासत चालायचे.

चित्र न दाखवता तिनं विचारलं, "मामा, क्लिप सरकलीय हे उभ्यानंच कळावं, म्हणून काय केलं असतं तुम्ही?"

"उभ्यानं कसं कळंल? वाकायचं, ठोकायचं, आवाज ऐकायचा."

तरी ते विचारात पडले. मग म्हणाले, दोन माणसं लावावीत. चहा झाल्यावर म्हणाले, हातोड्याचा दांडा लांब करावा. चार वाजता त्यांनी हात टेकले. तेव्हा तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"आगं, हे तर शेंबड्या पोरालाबी सुचंल," ते हसले. हसू अर्ध्यातच राहिलं. हात आपसूक कमरेवर गेला. "म्या एकतीस वर्षं वाकलो की गं पोरी."

दीपमालानं लिहायला घेतलं: सहज सुचण्यासारखं नाही. साहेब कारण विचारणार, ते आता तिच्यापाशी होतं. दोन ओळी झाल्या आणि ती झोळीकडं जायला उठली.

"बस तू," महांतप्पा म्हणाले.

आत जाऊन त्यांनी बाळाच्या कपड्यांची टोपली उपसली. एक पिवळा मोजा आणला, झोळीत हात घालून नातीच्या पायात हळूच चढवला, वर कापड नीट केलं.

"जागी झाली की पाय बाहेर काढती न्हवं ती? तिथनंच दिसंल तुला."

एवढं बोलून ते शेंगांकडं गेले.

ती लिहीत राहिली. एकदाही उठली नाही. पाचाला पाच कमी असताना तिनं अहवाल पाठवला आणि मान वर केली.

झोळीच्या कडेतून पिवळं डोकावत होतं.