वरच्या खुणेला

ट्रक ऑइल खातो हे त्याला कळलं, तेव्हा बायकोला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

चढावर स्टिअरिंगसमोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. त्याने ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री मोटारसायकलवर आला. त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली. पट्टीच्या टोकाला नखाएवढं काळं लागलं होतं.

"थेंबराव, शेवटचं ऑइल कधी टाकलं?"

हे नाव त्याला माल भरायच्या अड्ड्यावर पडलं होतं. आठ लाख किलोमीटर झाले, पण आपली गाडी थेंबभर ऑइल खात नाही, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. लोक हसायचे. त्यालाही ते आवडायचं.

"टाकायचं कशाला? खातच नाही ती. गळत असेल कुठून तरी. नीट बघ."

मिस्त्री गाडीखाली वाकला नाही. पट्टी हातात धरून नुसता उभा राहिला.

"गळत नाही. दोन वर्षं झाली, खातेय. व्हॉल्व्हचे सील गेलेत. गाडी उभी असली की ऑइल आत झिरपतं आणि सकाळी सुरू केली की जळतं. पहिली पाच मिनिटं नुसता निळा धूर. मग काही नाही."

"आणि मला दिसला नाही?"

"सकाळी गाडी कोण सुरू करायचं?"

ती करायची. तो आंघोळीला गेला की ती किल्ली घ्यायची. "गरम करून ठेवते, तुमचं आवरा," म्हणायची. गाडीचं तोंड घराकडे असायचं आणि मागे फाटक. इंजिन सुरू करून ती मागे जायची, फाटक उघडायची आणि तिथेच उभी राहायची. तो डोकं पुसत बाहेर येईपर्यंत सगळं स्वच्छ असायचं. ऑइल बघितलंस का, असं तो विचारायचा. "वरच्या खुणेला आहे," ती सांगायची. ते खरंच असायचं. ओतून झाल्यावरच सांगायची ती.

"वहिनी दर आठवड्याला ऑइलचा डबा भरून न्यायच्या माझ्याकडून," मिस्त्री म्हणाला. "मी म्हटलं त्यांना, एकदा इंजिनचं हेड खोलू, दोन दिवसांचं काम आहे. तर म्हणाल्या, 'राहू द्या हो भावोजी. चारचौघांत सांगायला त्यांना तेवढं एकच आहे.'"

मिस्त्रीने सोबत आणलेलं ऑइल ओतायला घेतलं.

तिला खोकला होता. चार महिने तरी होता. तो विचारायचा, "काय गं, सारखी खोकतेस?" ती म्हणायची, "धुराने होतं." मग त्याचं डोकं फिरायचं. "कुठला धूर? माझ्या गाडीचा? तिचं नाव घ्यायचं नाही हं." ती हसायची. मग तो गाडीबद्दल बोलत राहायचा, आणि खोकला तिथेच राहायचा. छातीत पाणी झाल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टर तिच्याशी बोललेच नाहीत, त्याला बाहेर बोलावून घेतलं.

"नवे सील आणून ठेवतो," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "उद्या गाडी लावा माझ्याकडे."

घरी आल्यावर त्याने तो डबा शोधला. पाण्याच्या टाकीमागे होता. शेजारी बाटली कापून केलेलं नरसाळं, आणि त्याच्याच जुन्या शर्टाचा तुकडा. गेल्या दिवाळीत शोधूनही न सापडलेला, चौकटीचा शर्ट. तुकडा धुऊन, घडी घालून ठेवलेला होता.

सकाळी त्याने पट्टी काढली. खुणेच्या बोटभर खाली होतं. डब्यातलं थोडं ओतलं, शर्टाच्या तुकड्याने पट्टी पुसली, परत बघितलं आणि केबिनमध्ये चढला. बायको गेल्यापासून तो आधी फाटक उघडून मग गाडी सुरू करायचा. आज त्याची लेक आपणहून पुढे गेली. "तुम्ही बसा बाबा, मी उघडते."

त्याने किल्ली फिरवली. केबिनमधून मागचं काही दिसत नव्हतं. इंजिनच्या आवाजातही त्याला तिचा खोकला ऐकू आला.

त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली. फाटकाशी धूर कोंडला होता, निळा, माणसाच्या उंचीचा. लेक तोंडाला ओढणी लावून उभी होती.

"बाबा, केवढा धूर सोडते ही! तुम्ही तर म्हणायचात—"

"कधीपासून खोकतेस?"

"आत्ता. धुराने झालं."

"कधीपासून ते सांग."

"अहो आत्ताच! काय झालं तुम्हाला?"

"चप्पल घाल."

"बाबा, मी बरी आहे."

"चप्पल घाल म्हटलं ना!"

तिने घातली. दोघं चालतच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, छातीचा एक्स-रेही काढायला लावला, कारण तो खुर्चीवरून उठेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही नाही हो. धुराने झालं असेल."

आता फाटक तोच उघडतो आणि लेकीला घरातच थांबवतो. मिस्त्रीचा फोन दोनदा येऊन गेला. सील आणून ठेवलेत, म्हणाला. बायकोने भरलेल्या डब्यात अजून चार बोटं ऑइल आहे. इंजिन खोलायचं राहिलं आहे.